घरात सगळे ठणठणीत

बोरिवली (पश्चिम),
१२ ऑगस्ट २०२४

चि. अबोलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा मोबाइल बंद झाल्यापासून मला पत्रं लिहायची सवय लागली आणि या वयात माझं अक्षर सुधारायला लागलंय. मोठ्या अक्षरांत, पिवळ्या कागदावर लिहितेय, म्हणजे डोळ्यांना टोचणार नाही. एका दमात वाचू नकोस, रोज एक परिच्छेद पुरे. उरलेलं आईकडून ऐक, पण तिला सांग, नाटकात वाचतात तसं वाचायचं नाही.

तुझ्या आजाराची माणसं मोजायचं काम मी अंगावर घेतलं, तेव्हा तूच विचारलं होतंस की ज्याची तपासणीच नाही ते मोजणार कसं. खरंच डोकेदुखी आहे गं. रक्त बघा, एमआरआय बघा, सगळं नॉर्मल. मग विचारूनच ओळखायचं: ताप येऊन गेल्यावर माणूस सावरलाच नाही का, जरा काम केलं की दुसऱ्या दिवशी कोसळतो का, उजेड-आवाज सहन होत नाही का. आधी आम्ही दवाखान्यांत जाऊन मोजलं तर जवळजवळ कोणी सापडेनाच. एका डॉक्टरनं कागदावर ‘ताण’ लिहिलेलं, दुसऱ्यानं ‘अशक्तपणा’, तिसऱ्यानं ‘लग्नानंतर बरे वाटेल’. म्हणून ठरवलं, घरोघरी जायचं.

आता तुझ्या आत्याचं थोडं कौतुक ऐक. मुलुंडच्या सोसायट्यांमध्ये वॉचमन सर्वेक्षण करणाऱ्या आमच्या मुलींना गेटच्या आत घेईनात. मी सोसायट्यांच्या संघटनेला गाठलं आणि ठरवून घेतलं की प्रत्येक इमारतीत तिथला सेक्रेटरी आमच्या मुलीबरोबर दारोदार फिरेल. ओळखीचा चेहरा दिसला की दार उघडतं. शंभरातली नव्वद-पंच्याण्णव दारं उघडली. माझ्याबरोबर काम करणाऱ्या मृणालिनीबाई, ज्यांना माझं काहीच आवडत नाही, त्यासुद्धा झकास म्हणाल्या.

पण आकडा मात्र विचित्र आलाय. मुलुंडमध्ये हजारात एकसुद्धा नाही आणि शेजारच्या भांडुपमध्ये हजारात आठ. मृणालिनीबाईंचं म्हणणं, तिकडची गर्दी, पाणी, खाणं. मला ते पटत नाही, पण दुसरं काही सुचतही नाही. या कामाला पैसे देणाऱ्या घाटकोपरच्या ट्रस्टसमोर तोच आकडा मांडला आणि परवा पेपरातही छोटंसं आलं. तू बघितलंस का? माझं नाव चुकवलंय, शोभा छापलंय.

दादाला, म्हणजे तुझ्या बाबांना, सांग, मी त्याच्यावर रागावलेली नाही, फक्त त्याचे फोन उचलत नाही. माया ठेव, आणि पडून राहायचा कंटाळा आला तरी पडूनच राहा.

तुझी,
शुभाआत्या


मुलुंड (पूर्व),
२० ऑगस्टला सुरू केलं, आज २५

ती. आत्यास,
सा. न.

पेन्सिलीनं लिहितेय, झोपून पेन चालत नाही. थोडं थोडं लिहिलंय, तेव्हा अक्षर मध्येच बदललं तर समजून घे.

तुझी बातमी बघितली. बाबांनी कापून फ्रिजवर लावलीय. ते म्हणतात, मुलुंडमध्ये हजारात एकही नाही असं खुद्द शुभा सांगते, मग नेमका आपल्याच घरात कुठून आला? ते चिडून नाही म्हणत. सुटल्यासारखं म्हणतात, म्हणजे आजार नाहीच, सवय लागलीय आणि सवय मोडता येते. कर्जतजवळ एक केंद्र आहे, तिथे सहा आठवडे ठेवतात. पहाटे उठवून चालायला लावतात, रोज थोडं वाढवत नेतात. बाबांनी नाव नोंदवलंय. दोन ऑक्टोबरला गाडी येणार आहे.

आत्या, मला भीती वाटते. मे महिन्यात बाबा मला जुहूला घेऊन गेले होते, मोकळ्या हवेत पाय मोकळे होतील म्हणून. मी चालले, कारण ते इतके खूश होते. वाळूत त्यांचा हात धरून चालले, भेळसुद्धा खाल्ली. त्यानंतर जूनअखेरपर्यंत मी स्वतःचे केस विंचरू शकले नाही, आईनं शेवटी कापून टाकले. ते एका संध्याकाळचं होतं. सहा आठवड्यांनी काय होईल ते मला माहीत नाही, आणि कर्जतच्या लोकांना तर नाहीच नाही.

बाबांना वाईट म्हणू नकोस. रात्री ते दाराशी येऊन उभे राहतात, मी झोपलेय असं समजून.

एक गंमत राहिली. तुझी सर्वेक्षणवाली मुलगी आमच्याकडेपण येऊन गेली, जूनमध्ये. मी बाथरूममधून येताना मधल्या दाराशी खाली बसले होते, पुढे जायला होईना. बाहेर आमचे सेक्रेटरी सामंतकाका ओळख करून देत होते. तिनं विचारलं, घरात कोणी सहा महिन्यांपेक्षा जास्त थकव्यानं कामधंदा सोडून घरी आहे का? बाबा म्हणाले, चौघं आहोत, सगळे ठणठणीत. मग सामंतकाकांनी क्रिकेटचं काहीतरी विचारलं आणि दार लागलं. मला वाटलं, तुला ठाऊक असेल. लिहिता लिहिता जाणवलं, तुला कोण सांगणार?

हात दुखतोय. लोभ ठेवशीलच.

तुझी,
अबोली


बोरिवली,
२८ ऑगस्ट २०२४

ती. दादास,
सा. न. वि. वि.

फोनवर आपण दोघंही ओरडतो आणि मग तू ठेवून देतोस, म्हणून लिहितेय. कागद ठेवून देता येत नाही.

अबोलीचं पत्र आलं. माझी मुलगी तुझ्या दारात उभी होती आणि तू तिला सांगितलंस, सगळे ठणठणीत. मधल्या दारामागे तुझी मुलगी जमिनीवर बसलेली होती. आता तोच आकडा तू फ्रिजवर लावून तिला दाखवतोस. दादा, त्या आकड्यात तुझं खोटं आहे. तू आधी नाही म्हणालास, आणि आता सगळे नाही म्हणाले म्हणून तुझ्या मुलीला आजार नाही असं ठरवतोस. मला इतका संताप आलाय की पहिला कागद फाडून हा दुसरा घेतलाय.

राग तुझ्यावर आहे तेवढाच माझ्यावरही. सामंत तुझ्या शेजारी उभे होते ना? त्यांना मीच पाठवलं होतं. प्रत्येक सोसायटीत सेक्रेटरी बरोबर राहील ही माझीच अक्कल. दारं उघडावीत म्हणून त्यांना धाडलं आणि दारं उघडलीही. पण सेक्रेटरीच्या देखत, ज्याच्याशी पाण्यावरून, पार्किंगवरून रोजची गाठ आहे त्याच्या देखत, कोण सांगेल की आमची तरुण मुलगी दोन वर्षं अंथरुणावर आहे आणि तिला काय झालंय ते कोणालाच कळत नाही? मी तरी सांगितलं असतं का?

काल भांडुपला जाऊन आले. आम्ही मोजलेल्या तिथल्या वसाहतीत कमिटीची भांडणं कोर्टात आहेत, सेक्रेटरीच नाही. म्हणून अक्षता, म्हणजे आमची सर्वेक्षण करणारी मुलगी, एकटीच फिरली होती. बायकांनी तिला आत बसवून घेतलं आणि सांगितलं. तिथे आजार जास्त नाही, ऐकणारं तिसरं माणूस नव्हतं एवढंच.

कर्जत रद्द कर. बाकीचं भांडण आपण निवांत करू.

तुझी,
शुभा


मुलुंड (पूर्व),
४ सप्टेंबर २०२४

चि. शुभास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. तुझी भाषा लहानपणापासून अशीच आहे, त्यामुळे वाईट वाटून घेतलं नाही असं लिहिणार होतो. पण वाईट वाटलं.

मी सामंतांसमोर नाही का म्हणालो, ते तू विचारलेलंच नाहीस. तू थेट निकाल दिलास. यज्ञेशचं लग्न जमतंय ते सामंतांच्या भाचीशीच, हे तुला माहीत आहे. मानसी चांगली मुलगी आहे आणि यज्ञेश पहिल्यांदा कोणाबद्दल तरी घरात बोलला. त्यांच्या घरी आम्ही सांगितलंय की अबोली घरून काम करते. उद्या त्यांनी विचारलं की हे आनुवंशिक आहे का, तर मी काय सांगू? तू सांगशील? तुम्हा लोकांना तेही माहीत नाही. एका मुलीचं आयुष्य थांबलंय म्हणून मुलाचंही थांबवू का?

दुसरी गोष्ट. मी बत्तीस वर्षं विमा कंपनीत क्लेम तपासले. सगळे रिपोर्ट नॉर्मल आणि माणूस म्हणतो मी उठू शकत नाही, असे किती आले असतील. चौकशी केली की कोणी दुकानात बसलेला सापडायचा, कोणी गावी शेत नांगरताना. मी अबोलीला खोटारडी म्हणत नाही. ती माझी मुलगी आहे. पण माझं डोकं तसंच चालतं, त्याला मी काय करू? आणि खरं सांगू का शुभे, ती खोटं बोलत असावी असं मला मनापासून वाटतं. कारण ते खोटं असेल तर ती उठेल. खरं असेल तर काय, ते कोणताच डॉक्टर सांगत नाही. मी गेलो की तिला पाणी कोण देणार, हा विचार मला रोज येतो.

कर्जतला निदान कोणीतरी म्हणतं की बरी होईल. तू म्हणतेस आकडा चुकला. ठीक आहे, मग बरोबर आकडा दे. असे किती आहेत, त्यातले किती उठले, किती कशानं बिघडले. तुलाच माहीत नसेल तर कशाच्या जोरावर मला थांबवतेस? शनिवारी घरी गणपती येतायत. ते उठले की कर्जतच्या तयारीला लागायचंय.

अनुपमाचे आशीर्वाद आणि मुलांचे नमस्कार. मनात राग धरू नकोस.

तुझा,
दादा


बोरिवली,
९ सप्टेंबर २०२४

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी गॅस बंद करून बसले. तुझ्या मनात हे आहे हे मला ठाऊक नव्हतं. माझ्या मागच्या पत्रातला सूर मी मागे घेते, मुद्दा मात्र घेत नाही.

तू आकडा मागितलास. तो माझ्याकडे नाही. दवाखान्यातून मोजलं तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, कारण जो जिना उतरू शकत नाही तो दवाखान्यात जाणार कसा. सेक्रेटरी घेऊन मोजलं तर हजारी एकही नाही. सेक्रेटरीशिवाय मोजलं तर हजारी आठ. त्यातही कडक व्याख्या लावली तर निम्मे गळतात आणि सैल लावली तर दुप्पट होतात. तुझ्यासारख्या माणसाला असला आकडा दिला असता तर तू फाइल तोंडावर फेकली असतीस. मीही फेकली असती.

पण मला माहीत नाही आणि असं काही नाही, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. तुझ्या क्लेमच्या कामात कागद अपुरा असला तर तू काय करायचास? नामंजूर करायचास की थांबवून ठेवायचास? तूच मला सांगितलं होतंस, की शंका असेल तर फाइल थांबव, बंद करू नकोस. अबोलीचीही थांबव. मी एवढंच मागतेय.

कर्जतच्या चालण्यानं कोणी बरं झालं का, तेही मला माहीत नाही. पण भांडुपमध्ये भेटलेल्यांपैकी ज्यांना घरच्यांनी जबरदस्तीनं हलवलं, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी अक्षताला सांगितलं की तिथून पुढे ते जास्त बिघडले. तू जुहूला बघितलंसच. तुला ते दिसलं होतं आणि तू मला फोन केला होतास. घाबरला होतास.

मी ट्रस्टला कळवलंय की जुना आकडा चुकीचा, मागे घ्या. मृणालिनीबाई भडकल्या. पेपरात छापून आलेलं मागे घेणारी बाई म्हणून माझी आता घाटकोपरभर ख्याती होणार. ट्रस्टचे लोक म्हणाले, पैसे संपत आलेत, पुन्हा मोजायचं तर महिन्याभरात मोजा, नाहीतर काम बंद. तेव्हा पुन्हा मोजतोय. आता अक्षता आणि बाकीच्या मुली दुपारी एकट्या जातील. सेक्रेटरी नाही, शेजारी नाही. उत्तर देताना बाहेरचं कोणी हजर असेल तर ते घर मोजणीतून बाद, मग उत्तर हो असो की नाही. तुमची इमारत पुन्हा यादीत आहे. ती मी घातलेली नाही, पहिल्यापासूनच आहे. तुमच्या मजल्यावर मी पाऊल ठेवणार नाही. तू काय सांगायचं ते तू ठरव.

फक्त दोन ऑक्टोबरची गाडी थांबव. बहिणीचं एवढं ऐक.

तुझी,
शुभा


मुलुंड (पूर्व),
२१ सप्टेंबर २०२४

चि. शुभास,
अनेक आशीर्वाद.

मी कधी लिहीत नाही, तुला माहीत आहे. आज लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

तुझं पत्र यांनी दोनदा वाचलं आणि खिशात घातलं. मला वाटलं, गाडी रद्द करतील. नाही केली. म्हणाले, आधी घरीच बघू, जमतंय का. गणपती उठल्याच्या दुसऱ्या दिवशी तिला जिन्यानं खाली नेऊन परत आणायचं ठरलं. मी नको म्हटलं. अबोलीच मला म्हणाली की आई, राहू दे, मी करते. तिला वाटलं असेल की एकदा केलं तर कर्जत टळेल. पोरगी अजून बापाला खूश करायला बघते.

एक जिना उतरली. दुसऱ्याच्या मध्यावर कठड्याला टेकून बसली ती उठेचना. डोळे उघडे होते पण बोलता येत नव्हतं. यांनी आणि यज्ञेशनं उचलून आणली. यांचं वय बघ, आणि तरी हे आधी यज्ञेशला हात लावू देईनात. तेव्हापासून खोलीचे पडदे ओढलेले आहेत. मी चमच्यानं पेज भरवते. कालपासून गिळताना तिला त्रास होतोय. डॉक्टर येऊन गेले, रक्त घेतलं, सगळं नॉर्मल म्हणाले. नॉर्मल शब्द ऐकला की मला आता रडू येतं.

 हे जेवताना ताटात बघत बसतात. गाडीचं विचारायचं मला धैर्य होत नाही आणि दिवस तर जवळ आलेत. तू येऊ नकोस, तू आलीस की दोघं भांडाल आणि तिला आवाज चालत नाही. नुसतं आमच्यासाठी काहीतरी कर. काय ते मलाही कळत नाही.

तुझा जीव आमच्यात आहे, हे मला ठाऊक आहे.

तुझी,
अनुपमावहिनी


मुलुंड (पूर्व),
२९ सप्टेंबर २०२४

चि. शुभास,
अनेक आशीर्वाद.

अनुपमानं तुला लिहिलं ते मला कळलं. तिनं पोस्टात टाकायला माझ्याकडेच दिलं होतं. मी वाचलं नाही, पण पाकीट जाड होतं.

अबोली परवापासून थोडं पातळ घेते. बोलत नाही, हाताच्या खुणा करते.

तुझी अक्षता काल दुपारी आली. चुणचुणीत आहे. म्हणाली, काका, उत्तर देताना घरचेच हवेत, दार लोटून घेऊ का? मी तिला बसवलं, पाणी दिलं आणि थांब म्हटलं. समोर जाऊन सामंतांची बेल वाजवली. ते जेवून आडवे झाले होते, बनियनवर आले. मी त्यांना आमच्या दारात उभं केलं. ती मुलगी बिचारी सारखी सांगत होती की काका, असं चालत नाही. मी तिला म्हटलं, मागच्या वेळी यांच्यासमोर चाललं, आता पण चालव. तुझा तो प्रश्न विचार.

तिनं विचारला. मी सांगितलं की आहे. माझी मुलगी अबोली, वय एकोणतीस, दोन वर्षांहून जास्त झाली, आजारी आहे. मागच्या वेळी मी खोटं सांगितलं होतं. सामंतांना म्हटलं, ती घरून काम करत नाही, ती काहीच करू शकत नाही, आणि ती नाटक करत नाही. हे मी जरा मोठ्यानं बोललो असेन. अनुपमा स्वयंपाकघरातून बाहेर आली होती.

तू नियम लिहिला होतास तो मी वाचला होता, विसरलो नव्हतो. पण नाही म्हणालो तेव्हा तो माणूस शेजारी होता. दार लावून गुपचूप हो म्हणालो असतो तर ते मला पुरलं नसतं.

सामंत परत गेले. मानसीच्या घरून अजून निरोप नाही. यज्ञेशला मी रात्री सगळं सांगितलं. तो म्हणाला, बाबा, मानसीला मी मार्चमध्येच सांगितलंय. म्हणजे घरात न सांगणारा मी एकटाच होतो. तिच्या आईवडलांचं काय होतं ते बघू, मला त्याची धास्ती आहे, नाही असं नाही.

कर्जतला फोन करून नाव काढून टाकलं. त्या जिन्यावर तिला मी बसवलंय, शुभे. तिचे डोळे उघडे होते आणि ती माझ्याकडे बघत होती. बाकी लिहवत नाही.

जमत असेल तर आता आमचं घर बरोबर मोज. तुझ्या कामाला लाग. जेवत जा वेळेवर.

तुझा,
दादा


बोरिवली,
८ ऑक्टोबर २०२४

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र उशाशी ठेवलंय. त्याबद्दल जास्त लिहिलं तर अक्षर बिघडेल.

पण एक वाईट बातमी द्यायचीय आणि ती दुसऱ्या कोणाकडून कळू नये. तुमचं घर मी बाद केलं. अक्षतानं येऊन सगळं प्रामाणिकपणे सांगितलं, सामंत दारात होते म्हणून. मृणालिनीबाई, विश्वास ठेव, चक्क म्हणाल्या की शुभाताई, राहू द्या ना, उत्तर तर खरं आहे. मलाही मोह झाला. रात्रभर झाला. पण सेक्रेटरीसमोर नाही म्हणणारी घरं मी काढून टाकते आणि सेक्रेटरीसमोर हो म्हणणारं एकच घर ठेवते, ते माझ्या भावाचं, तर मग मी मोजत नाही, मला हवं ते जमवते. पुढच्या माणसानं हे शोधून काढलं तर बाकीचे खरे आजारीसुद्धा खोटे ठरतील. तू माझ्या जागी असतास तर हेच केलं असतंस, आणि असं मी स्वतःला सांगत असले तरी मला अतिशय वाईट वाटतंय.

मुलुंडचा आकडा आता हजारी सहाच्या आसपास येतोय. चार असेल, दहाही असेल. बऱ्याच घरांत बायका दार लोटून मगच बोलल्या आणि काही घरांत आमची मुलगी निघताना पुन्हा हाक मारून बोलल्या. कितीतरी ठिकाणी तरीही नाहीच म्हणाले असतील, ते मला कधी कळणार नाही. अहवालात मी तसंच लिहिणार आहे: निदान इतके, नक्की किती ते माहीत नाही. ट्रस्टला असं वाक्य आवडणार नाही. न आवडू दे.

अबोलीला हे तूच सांग. मला धीर होत नाही. माझ्यावरची माया कमी करू नकोस.

तुझी,
शुभा


मुलुंड (पूर्व),
२७ ऑक्टोबर

ती. आत्यास,
सा. न.

आज पेन्सिल धरता आली. थोडंच लिहीन.

तुझं पत्र बाबांनी मला वाचून दाखवलं, अगदी हळू आवाजात, रोज थोडं. घर बाद केलं तिथे आले तेव्हा ते थांबले. मग म्हणाले, बरोबर आहे तिचं, मीसुद्धा हा क्लेम नामंजूर केला असता. आणि हसले. जुहूनंतर पहिल्यांदा.

मानसी परवा आली होती. पाच मिनिटं अंधारात माझ्याजवळ बसली आणि काही न बोलता गेली, ते मला फार आवडलं. तिच्या आईवडलांचं अजून ठरत नाही. बाबा आता त्याबद्दल सामंतकाकांशी जिन्यातच बोलतात, दार उघडं ठेवून.

मी आधी होते तिथवर अजून पोचले नाहीये. कदाचित पोचणार नाही. हे बाबांना मी सांगितलं, आणि त्यांनी मला गप्प केलं नाही.

आत्या, तू वाईट वाटून घेऊ नकोस. त्या दुपारी मी पलंगावर होते. हलता येत नव्हतं, पण बाबा दारात काय बोलले ते सगळं मला आत ऐकू आलं. त्यांनी माझं नाव सांगितलं, वय सांगितलं, आणि आजारी आहे म्हणाले. तुझ्या अहवालात आमचं घर नसलं तरी मला चालेल.

जीव लावतेस तसाच लावत राहा.

तुझी,
अबोली